एका खुर्चीची परवानगी

मला फक्त एक खुर्ची न्यायची होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आता लोक मला 'एकशे बारा खुर्च्यांवाले' म्हणून ओळखतात, आणि त्यात माझा हात किती होता हे कुणी विचारत नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळींची वार्षिक सभा उघड्यावर भरते. नदीचं पाणी उतरलं की वाळूचं एक लांबरुंद मैदान मोकळं होतं, त्यावर कापडी मांडव पडतो, आणि सात दिवस सकाळ-दुपार वीस-पंचवीस हजार माणसं वाळूवर चटया टाकून गाणी म्हणतात, प्रार्थना करतात, प्रवचनं ऐकतात. 'मंडळी' या शब्दाची आमच्यात जरा गंमत आहे. चर्चलाही आम्ही मंडळी म्हणतो आणि घरच्या बायकोलाही मंडळी म्हणतो. दोन्हीकडे माझं काही चालत नाही, त्यामुळे एकच शब्द पुरतो.

आई लग्न होऊन या घरात आली त्या वर्षापासून तिची एकही सभा चुकली नव्हती. छप्पन्न वर्षं. यंदा मात्र तिच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टरांनी तो दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "आजी, आता खाली मांडी घालून बसणं बंद."

आई घरी आली. सभेची चटई तिने गुंडाळून कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "मी घरीच बरी. तुम्ही जा. मला काय, म्हातारीला."

हे वाक्य आमच्या घरात कोर्टाच्या समन्ससारखं मानलं जातं. मी ताबडतोब म्हणालो, "त्यात काय एवढं? आपण तुझ्यासाठी एक खुर्ची नेऊ."

झालं. एवढंच मी बोललो होतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. भिंत पातळ असल्यामुळे त्यांना सल्ला द्यायला आमच्याकडे यावं लागत नाही, पण ते येतात. ते आले आणि म्हणाले, "खुर्चीला परवानगी लागते. आत चटईखेरीज दुसरं आसन चालत नाही. मागच्यांना दिसत नाही ना! रीतसर अर्ज करा. कच्चं काम करू नका."

कच्चं काम आणि मी! मी सव्वीस वर्षं नगररचना कार्यालयात नकाशे काढतो. ऑफिसात माझ्यामागे मला 'फूटपट्टी' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. मी अर्ज लिहिला आणि सोबत खुर्चीचं रेखाचित्र जोडलं. वरून, समोरून आणि बाजूने. पाठीचा कल अंशांत दाखवला. रविवार अख्खा गेला त्यात.

आसन समितीचे सेक्रेटरी एरवी नोंदणी कार्यालयात असतात. माणूस जन्मला, त्याचं लग्न झालं आणि तो मेला, या तिन्ही गोष्टी आपल्या शिक्क्याशिवाय होत नाहीत अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. त्यांनी माझं रेखाचित्र हातात धरलं, आडवं केलं, उलटं केलं आणि विचारलं, "हे पंपघर आहे का?"

"खुर्ची आहे."

"कुणाची?"

"माझ्या आईची. गुडघा दुखतो तिचा. एकच खुर्ची न्यायची आहे."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. चष्मा काढून बोलणाऱ्या माणसांकडून मला आजवर कधी चांगली बातमी मिळालेली नाही. "असं आहे," ते म्हणाले, "एका खुर्चीला परवानगी देण्याची तरतूदच नाही. एकाला दिली की सगळे मागतात. मात्र अशक्त आणि वृद्धांसाठी वेगळा विभाग उघडता येतो. त्याला किमान पंचवीस अर्ज लागतात."

"पण मला एकच खुर्ची हवी आहे हो."

"म्हणजे तुमच्याकडे चोवीस माणसं कमी आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा परत घातला.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर इतकी दुखणी बघते, की घरच्यांच्या दुखण्याला रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. ती म्हणाली, "अहो, चोवीस दुखरे गुडघे शोधणं अवघड नाही. गप्प बसवणं अवघड असतं."

तिचं बोलणं किती खरं होतं ते चार दिवसांत कळलं. गुडघा दुखतो का, असा प्रश्न एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा. मी एकेका घरी दोन मिनिटांसाठी जात होतो आणि पाऊण तासाने, कधी चाळिशीत घसरून पडल्याची हकिगत ऐकून, बाहेर पडत होतो. एका आजोबांनी दोन्ही गुडघे उघडे करून मला तुलना करायला लावली. डावा जास्त सुजलाय असं मी म्हणालो, तर ते रागावले. त्यांचा लाडका उजवा होता.

हेडमास्तर चालतात कंपासपेटीतल्या कर्कटकासारखे, एक पाय रोवून दुसरा फिरवत. पण ते म्हणाले, "माझे गुडघे ठणठणीत आहेत. तुमचा आकडा भरत नसेल तर निव्वळ तत्त्वासाठी माझं नाव घाला. आणि जागा जरा पुढची बघा."

पंचविसावं नाव मिळालं तेव्हा मला हायसं वाटलं. पण तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्यांनी आपल्या सासऱ्यांचं नाव दिलं, इथवर ठीक होतं. पुढे त्या मापं घेता घेता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिल्या, "वरच्या मजल्यावरचे साहेब सभेत खुर्च्या देतायत." देतायत! मी परवानगी मागणारा माणूस, एका आठवड्यात देणारा झालो. साठ अर्ज आले, मग नव्वद. एकशे बारा झाले तेव्हा मी दाराला आतून कडी घातली आणि आईला सांगितलं, कुणी आलं तर मी घरी नाही. आईने प्रत्येकाला खिडकीतून सांगितलं, "तो घरी नाही म्हणून सांग म्हणालाय."

आता खुर्च्या आणायच्या कुठून? शाळेच्या मिळत होत्या, पण त्या पहिलीच्या वर्गाच्या. हेडमास्तरांनी स्वतः त्यातल्या एकीवर बसून दाखवलं आणि त्यांना उठवायला शाळेच्या शिपायाला बोलवावं लागलं. शेवटी मी ठरवलं की ज्याने त्याने आपल्या घरची खुर्ची द्यावी. हा निर्णय घेताना लोकांच्या घरात काय काय असतं याची मला कल्पना नव्हती. डुलती खुर्ची आली. पेटीवादकाचं गोल स्टूल आलं. एका जोडप्याने आख्खा सोफा पाठवला, कारण लग्नापासून ते कधी वेगवेगळे बसले नव्हते. न्हाव्याने आपल्या वडिलांसाठी दुकानातली फिरती खुर्ची दिली, डोकं टेकायच्या उशीसकट. हे सगळं बर्फाच्या कारखान्याच्या ट्रकमधून मैदानावर गेलं. ट्रक त्यांनी प्रेमाने दिला होता. आतून कोरडा करून द्यायचं तेवढं राहिलं. पहिल्या दिवशी सकाळी एकशे बारा वृद्ध मंडळी ओल्या खुर्च्यांवर बसली आणि सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. पाहुण्या पाळकांना वाटलं, काय ही भक्ती.

आमची जागा मंचाच्या डाव्या हाताला होती. मागे ठेवलं तर ऐकू येत नाही आणि मधे ठेवलं तर इतरांना दिसत नाही, म्हणून बरीच मापं काढून मी हा कोपरा शोधला होता. शेजारी गायकमंडळ. गायकमंडळाचे प्रमुख मला म्हणाले, "तुमच्या खुर्च्या आमच्या सुरात करकरतात." मी त्यांना तेल घालायचं आश्वासन दिलं. पण मापं काढताना या कोपऱ्यातलं एक वैशिष्ट्य माझ्या नजरेतून सुटलं होतं. मैदानातल्या पंचवीस हजार माणसांना मंचाकडे बघितलं की आधी आम्ही दिसत होतो.

सभा सुरू झाली. पहिलं गाणं झालं. प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक डोळा किलकिला ठेवला होता, विभागप्रमुख म्हणून. तेव्हा मला असं वाटलं की माझे सगळे म्हातारे हळूहळू लहान होतायत.

वाळू! खुर्चीला चार पाय असतात आणि वाळूला तळ नसतो, ही साधी गोष्ट माझ्या रेखाचित्रात कुठेही नव्हती. प्रार्थना लांबली तशा खुर्च्या खाली जात राहिल्या, आणि प्रत्येक खुर्ची आपापल्या मर्जीने. काही मागून खचल्या, त्यांतले लोक आभाळाकडे बघत 'आमेन' म्हणाले. सोफा एका बाजूने बसला आणि त्यातले आजोबा आजींच्या अंगावर जाऊन पडले. त्या दोघांनी मात्र शेवटपर्यंत तक्रार केली नाही. प्रवचन संपेपर्यंत बहुतेकांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. डॉक्टरांनी ज्यापासून वाचवायला सांगितलं होतं त्याच्या दुप्पट मी त्यांना दिलं होतं. एकट्या न्हाव्याची खुर्ची रुंद बुडामुळे ताठ उभी होती आणि तिच्यावर न्हाव्याचे वडील नव्हे, हेडमास्तर बसले होते.

"ते स्वतः उठले," हेडमास्तर मला म्हणाले. "मी फक्त म्हणालो, की खुर्ची जरा तपासून बघतो."

दुपारी सल्ले सुरू झाले. विटा लावा. डब्यांची झाकणं लावा. पाय कापून टाका. कुणी म्हणे, सगळी वाळू भिजवा म्हणजे घट्ट होईल. शेवटी सुताराने लांब फळ्या आणून दिल्या आणि मी स्वतः, गुडघ्यावर रांगत, दहा ओळी फळ्यांवर चढवल्या. आता खुर्ची बुडत नव्हती. आता एक जण उठला की त्याची सबंध ओळ हलत होती. बेकरीवाले आजोबा वजनाने भारदस्त. ते शिंकले की त्यांच्या ओळीतल्या दहा जणांच्या माना एकदम होकार दिल्यासारख्या हलायच्या.

तिसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या दुसऱ्या पाळकांनी नम्रतेवर प्रवचन केलं. सुंदर बोलले. माणूस कसा मानाची जागा शोधत पुढे पुढे सरकतो, आणि देवाच्या घरात सगळे कसे एका पातळीवर असतात. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते बिचारे आदल्या दिवशी आलेले. पण 'एका पातळीवर' असं त्यांनी म्हणताच पंचवीस हजार माना सावकाश आमच्याकडे वळल्या. आणि नेमक्या त्याच वेळी हेडमास्तर, मागच्या ओळीतल्या कुणाला तरी काही समजावून सांगून, मुद्रेवर परम समाधान घेऊन, फिरत्या खुर्चीतून गर्रकन पुढे आले.

लोक हसले. पाळकही हसले. मी मात्र ओळीत खाली वाकून एका फळीचा खिळा तपासू लागलो. त्या फळीला खिळा नव्हता.

या सगळ्या धबडग्यात आई पहिल्या ओळीत पहिल्या खुर्चीवर बसलेली असायची, वेताची, उत्तम पाठीची खुर्ची. "बरं वाटतंय ना?" असं मी जाता-येता विचारायचो. "हो," ती म्हणायची. माझ्या हातात खुर्च्यांची यादी असायची, कानावर पेन्सिल, आणि तिचं 'हो' ऐकायला मी थांबलेला नसायचो.

पाचव्या दिवशी सकाळी ती खुर्ची रिकामी दिसली.

आधी वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. मग आठवलं की तिला एकटीला वाळूतून चार पावलं चालवत नाही. पाण्याच्या टाकीपाशी बघितलं. प्रथमोपचाराच्या तंबूत बायकोची ड्यूटी होती, तिथे बघितलं, तर तीही जागेवर नव्हती. गाड्या लावतात तिथवर पळत जाऊन आलो. तोवर माझा शर्ट भिजला होता आणि पेन्सिल कुठेतरी पडली होती. नदी त्या बाजूला उथळ आहे, घोटाभर पाणी, पण तेव्हा ती मला समुद्राएवढी दिसायला लागली.

मी चौकशी कक्षात गेलो. तिथल्या बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या, आवाज एकदम गोड.

"कोण हरवलंय?"

"आई. माझी आई."

"वर्णन सांगा. काय नेसल्यात?"

सकाळी मीच तिला हात धरून आणलं होतं. मला तिच्या खुर्चीची उंची सेंटीमीटरमध्ये माहीत होती. तिने काय नेसलंय ते माहीत नव्हतं.

"उंची? चष्मा आहे?"

"आहे. म्हणजे वाचताना. ती... ती पहिल्या ओळीत पहिल्या खुर्चीवर असते."

"आता नाहीत ना पण?" बाई समजुतीने म्हणाल्या. "बरं, तुमचं वय, काम सांगा. तुम्ही घाबरू नका." आणि पुढच्या क्षणी सगळ्या भोंग्यांतून त्यांचा गोड आवाज घुमला, "सूचना ऐका. खुर्ची विभागाचे प्रमुख आपल्या आईपासून हरवले आहेत. वय त्रेपन्न. रडवेले झाले आहेत. आईंनी त्यांना चौकशी कक्षातून घेऊन जावं."

गायकमंडळाच्या बाजूने हशा आला, तो मी ओळखला.

आई आली नाही. पाच मिनिटांनी बायको आली. प्रथमोपचाराचा पांढरा ॲप्रन तसाच अंगावर. "चला," ती म्हणाली. "तिसऱ्या खांबापाशी आहेत त्या. मीच नेऊन बसवलं सकाळी."

"तू? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, अर्ज कर."

हे मी म्हणालो असेन. माझ्याने नाही म्हणवत नाही.

आम्ही चटयांमधून, लोकांचे पाय चुकवत आत गेलो. तिसऱ्या खांबाच्या बुडाशी, ऐन गर्दीच्या मध्ये, आई वाळूवर बसली होती. पाय सरळ लांब केलेले, पाठ खांबाला. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या वयाच्या चार बायका, एकमेकींना चिकटून, मधे एक वाटीभर जागा शिल्लक नाही. मी या चौघींना लहानपणापासून बघत आलोय. कुठल्या कुठल्या गावांहून येतात, वर्षातून एकदा भेटतात, याच खांबापाशी. पूर्वी सहा जणी होत्या. आईच्या मांडीवर गाण्याचं पुस्तक उघडं होतं आणि ती शेजारणीच्या कानाशी लागून गाण्याची ओळ वाचत होती. ओळ वाचायची, शेजारीण ती म्हणायची, की आई पुढची वाचायची. शेजारणीचे डोळे गेल्या वर्षी गेले, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

"आई, अगं, डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय!"

"मांडी घालायची नाही म्हणाले," बायको मागून म्हणाली. "पाय लांब करून बसलं तर काही होत नाही. उठताना आधार हवा, एवढंच. मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

मी आईकडे बघितलं. "मग तू तरी बोलायचंस. चार दिवस त्या खुर्चीवर बसलीस."

"तू इतका राबत होतास," आई म्हणाली. "एकशे बारा माणसांचं करत होतास. मी कशी उठून जाऊ? तुझा अपमान झाला असता." मग जरा थांबून म्हणाली, "खुर्ची चांगली होती रे. मंच अगदी समोर दिसायचा. पण मी काय मंच बघायला येते?"

चौघींपैकी एक म्हणाली, "भोंग्यावरून तुझ्याबद्दलच सांगत होते का रे?" आणि पाची जणी तोंडावर हात ठेवून, शाळेतल्या मुलींसारख्या हसत सुटल्या.

ही बातमी माझ्या विभागात माझ्या आधी पोचली. दुपारच्या सभेला गेलो तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. जो तो आपापल्या माणसांत जाऊन बसला होता, कुणी खांबाला टेकून, कुणी मुलाच्या पाठीला टेकून. ज्यांना खरंच खाली बसवत नव्हतं असे तीसेक जण उरले, आणि त्यांना आता ऐसपैस जागा झाली. सेक्रेटरी फिरत फिरत आले. मला वाटलं, आता चष्मा काढणार. पण ते म्हणाले, "विभाग पंचवीसच्या वर आहे. नियमात आहे," आणि जरा इकडेतिकडे बघून सोफ्याच्या रिकाम्या बाजूला टेकले.

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं उभं राहून म्हणतात. पंचवीस हजार माणसं एकदम उठतात तेव्हा वाळूतून एक आवाज येतो, मोठ्या पक्ष्याने पंख उघडल्यासारखा. मी आधीच तिसऱ्या खांबापाशी जाऊन थांबलो होतो. बायकोने शिकवलं होतं तसं वाकलो, आईचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती घेतले, तिच्या पाठीमागे माझे हात गुंफले आणि 'एक, दोन, तीन' म्हणून उचललं. ती उभी राहिली. छान उभी राहिली. आणि गाणं सुरू झालं.

आता तिने हात सोडायला हवे होते. पण तिचा गुडघा लटपटत होता, आणि एका हाताने तिने शेजारणीला धरलं होतं, कारण ओळ सांगायची होती. दुसरा हात माझ्या मानेवर तसाच राहिला, घट्ट. ती माझ्यापेक्षा फूटभर बुटकी आहे. त्यामुळे मी कमरेत वाकलेला, नाक तिच्या खांद्यावर, डोळ्यांपुढे तिच्या पदराची कड. निळी होती. बारीक पांढरे ठिपके होते तिच्यावर.

"आई," मी हळूच म्हणालो, "जरा मान सोड."

"श्श," ती म्हणाली. "गाणं म्हण."

त्या गाण्याला सहा कडवी आहेत. मी सहाही म्हटली.